सगळ्यात पॉवरफुल ग्राफिंग कॅल्क्युलेटर नको, वर्गात चालतो तो घ्या

आधी मला विचारलेला प्रश्न काय आहे ते एकदा मांडते. विचारणाऱ्यांची मुलगी न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये सप्टेंबरपासून दहावीत जाणार, यंदा एपी (म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) प्रीकॅल्क्युलस, पुढच्या वर्षी एपीचाच कॅल्क्युलस बीसी, बारावीत जमलं तर स्टॅटिस्टिक्स, आणि नंतर इंजिनिअरिंग. दुकानातल्या माणसाने टीआय-एनस्पायर सीएक्स टू कॅस हा ग्राफ काढून दाखवणारा कॅल्क्युलेटर (टीआय म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनी) हातात ठेवला आणि सांगितलं की हा घेतला की कॉलेज संपेपर्यंत बघायला नको. घरी बाबांचं म्हणणं, आम्ही बारावी लॉग टेबलवर काढली, जेईईलाही कॅल्क्युलेटर नव्हता, हिला दीडशे डॉलरचं मशीन कशाला?

मी इथे बरीच वर्षं हायस्कूलला गणित शिकवते, एपी कॅल्क्युलसचे वर्गही घेते, त्यामुळे उत्तर लगेच देऊन टाकते: टीआय-८४ प्लस सीई घ्या, शक्य असेल तर सेकंडहँड, आणि कॅसवाला (कॅस म्हणजे काय ते पुढे सांगते) घेऊ नका. पण हे आंधळेपणाने मानू नका कारण तुमच्या शाळेत चित्र वेगळं असू शकतं, म्हणून कारणं सांगते.

बाबांचा मुद्दा आधी घेऊ कारण तो आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. आपण ज्या परीक्षा दिल्या तिथे आकडेमोड हा परीक्षेचाच भाग होता. इथे तसं नाही. एपीच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने १९९५ पासून एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत ग्राफिंग कॅल्क्युलेटर कंपलसरी केला, आणि पेपरचे काही प्रश्न असेच काढतात की हाताने ते सुटूच शकत नाहीत. उदाहरण घ्या, कॉस एक्स आणि एक्स हे दोन ग्राफ कुठे छेदतात? ह्याला सूत्रच नाही, कितीही हुशार मुलगी असू दे, ०.७३९ हे उत्तर तिला मशीनमधूनच काढावं लागणार, आणि मग त्या दोन ग्राफच्या मधलं, वाय अक्षापासून त्या बिंदूपर्यंतचं क्षेत्रफळ, जे ०.४०० येतं. त्यात डोकं लागतं ते इंटिग्रल मांडायला, मर्यादा कुठल्या घ्यायच्या, कोणता ग्राफ वर आहे, ह्याला. पण बाबा पूर्ण चुकलेत असंही नाही हं, कारण त्याच पेपरच्या ४५ मल्टिपल चॉइस प्रश्नांपैकी ३० ला आणि ६ मोठ्या प्रश्नांपैकी ४ ला कॅल्क्युलेटर चालतच नाही. म्हणजे दोन-तृतीयांश पेपर आपल्या बारावीसारखाच, हातानेच. आपल्याकडून आलेली मुलं ह्या भागात चमकतात आणि कॅल्क्युलेटरच्या भागात अडखळतात, इथे वाढलेल्यांचं बऱ्याचदा उलट.

आता एपी कॅल्क्युलसला मशीनकडून नेमकं काय हवं असतं? फक्त चार गोष्टी. दिलेल्या विंडोमध्ये ग्राफ काढता यायला हवा, फंक्शन शून्य कुठे होतं ते शोधता यायला हवं, एखाद्या बिंदूवर डेरिव्हेटिव्हची (म्हणजे ग्राफच्या उताराची) संख्यात्मक किंमत, आणि डेफिनिट इंटिग्रलची संख्यात्मक किंमत. बस. हे चारही १९९६ सालचा टीआय-८३ सुद्धा करतो. म्हणजे नव्या मॉडेलवर कलर स्क्रीन आहे, पायथन आहे, हे सगळं छान आहे पण ह्यातल्या कशामुळेही मार्क वाढत नाहीत. टीआय-८४ प्लस सीईचं पायथनवालं मॉडेल स्वस्त मिळालं तर घ्या, पण त्यासाठी वीस डॉलर जास्त देऊ नका, पायथन शिकायचं तर लॅपटॉपवर शिकेल ती.

मग टीआय-८४ च का? तर कारण मशीन नाहीये, वर्ग आहे. ग्राफिंग कॅल्क्युलेटर पहिल्यांदा बाजारात आणला कॅसिओने, १९८५ साली, एफएक्स-७०००जी. टीआयचा पहिला, टीआय-८१, त्यानंतर पाच वर्षांनी आला. पण टीआय शाळेत घुसली ती शिक्षकांमार्फत. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्ट वेट्स आणि फ्रँक डेमाना ह्या दोन प्राध्यापकांनी शिक्षकांना ग्राफिंगवर शिकवण्याचं ट्रेनिंग सुरू केलं, त्यातून टी-क्यूब म्हणून मोठी चळवळ उभी राहिली, टीआय तिच्या मागे उभी राहिली, आणि एक पिढीच्या पिढी शिक्षक टीआयची बटणं पाठ करून वर्गात गेली. पाठ्यपुस्तकात टीआयची बटणं छापलेली, शिक्षकाच्या प्रोजेक्टरवर टीआयची स्क्रीन, शेजारच्या मुलाच्या हातात टीआय. शिक्षक म्हणतात "सेकंड, ट्रेस, पाच", आणि अख्खा वर्ग इंटरसेक्शन काढून मोकळा होतो. तुमच्या मुलीच्या हातात कॅसिओ असेल तर तिला ते सगळं स्वतःच्या भाषेत करून घ्यावं लागणार, जी-सॉल्व्ह मेन्यूत जा, आयएससीटी दाबा, आणि शिक्षकांना ते येत असेलच असं नाही, मला स्वतःला कॅसिओवर काही शोधायचं तर अजून मेन्यू धुंडाळावा लागतो.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक काम करा. शाळेच्या मॅथ डिपार्टमेंटला ईमेल टाका आणि विचारा की वर्गात कुठला वापरतात, आणि शाळेकडून वर्षभरासाठी उसना मिळतो का. दुसरा प्रश्न विचारायला आपल्या लोकांना लाज वाटते, का ते कळत नाही. बऱ्याच शाळांकडे क्लास सेट असतो, काही ठिकाणी लायब्ररीतून पुस्तकासारखा इश्यू होतो, आणि त्यासाठी इन्कम वगैरे दाखवावं लागतच असं नाही. मिळाला तर एक रुपया खर्च न करता विषय संपला.

आता कॅसबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. कॅस म्हणजे अक्षरांची गणितं करणारा. टीआय-८४ ला विचारलं की एक्स क्यूबचं २ ला डेरिव्हेटिव्ह काय, तर तो आकडा देतो. एनस्पायर कॅसला विचारलं तर तो सरळ ३ एक्स स्क्वेअर लिहून देतो, फॅक्टर करून देतो, इंटिग्रलचं सूत्र देतो. ऐकायला भारी वाटतं. पण एसीटी ह्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत कॅसला पूर्वीपासून बंदी, टीआय-८९, एनस्पायर कॅस, एचपी प्राइम, सगळे बाहेर. तशाच दुसऱ्या प्रवेश परीक्षेत, एसएटीत, आधी चालायचे, २०२५ पासून तिथेही बंद. आयबी ह्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षेत बंद. एपी कॅल्क्युलसमध्ये चालतो, ते खरं, पण तिथे कॅल्क्युलेटरचे प्रश्नच असे असतात की आकडाच हवा असतो, आणि मोठ्या प्रश्नात मांडणी दाखवली नाही तर नुसत्या उत्तराला काही किंमत नाही. म्हणजे जास्त पैसे देऊन असं मशीन घ्यायचं जे दोन मोठ्या परीक्षांना घरी ठेवावं लागेल, आणि परीक्षेच्या दिवशी हातात अनोळखी मशीन येईल. शिवाय, हे जरा आईसारखं बोलते, अकरावीत जी मुलगी चेन रूल अजून शिकतेय तिच्या दप्तरात चेन रूल करून देणारं यंत्र ठेवायचं, ती ते वापरणार नाही असं तुम्हाला खरंच वाटतं का?

एनस्पायरचं बिनकॅसचंही मॉडेल मिळतं, सीएक्स टू नुसतं. ते चांगलं मशीन आहे, स्क्रीन मोठी, डॉक्युमेंट सेव्ह होतात, आणि काही शाळा पूर्ण त्यावरच चालतात, तुमची त्यातली असेल तर डोळे झाकून घ्या. पण नावातला एक शब्द सोडला तर दोन्ही दिसायला जुळे आहेत, त्यामुळे ऑनलाइन ऑर्डर करताना नाव शेवटपर्यंत वाचा.

डेस्मॉसचं, म्हणजे स्क्रीनवर चालणाऱ्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचं काय, हा पुढचा प्रश्न असतोच, आणि रास्त आहे. अमेरिकेत मार्च २०२४ पासून एसएटी पूर्ण डिजिटल झाली, सगळ्या मॅथ सेक्शनला कॅल्क्युलेटर चालतो, आणि स्क्रीनवरच डेस्मॉस दिलेला असतो. २०२५ पासून एपी कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्सही कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ह्या परीक्षेच्या ॲपमध्ये आल्या, प्रश्न स्क्रीनवर आणि मोठी उत्तरं कागदावर हाताने, आणि तिथेही कॅल्क्युलेटरच्या भागात डेस्मॉस असतो. मग मशीन घ्यायचंच कशाला? खरं सांगायचं तर एसएटीसाठी मी आता मुलांना डेस्मॉसच वापरायला सांगते, दोन समीकरणं टाइप केली की छेदनबिंदूवर टिचकी मारायची, टेबल टाकून लहरी चिन्ह वापरलं की रिग्रेशन (आकड्यांना जुळणारी रेघ) तयार, टीआयवर ह्याला दुप्पट वेळ लागतो. पण वर्गातल्या टेस्टला, जिच्यावर जीपीए (शाळेतल्या ग्रेडची सरासरी) ठरतो, लॅपटॉप उघडू देत नाहीत. क्विझच्या दिवशी हातात जे असेल ते. म्हणून अजूनही हातातलं मशीन लागतं, फक्त त्यावर उधळायची गरज पूर्वीइतकी राहिली नाही. पाच-सात वर्षांनी हेच उत्तर लिहायचं झालं तर कदाचित म्हणेन की घेऊच नका.

पैशांचं बोलू. सीई नवा साधारण शंभर ते दीडशे डॉलरमध्ये जातो, जुलै-ऑगस्टच्या बॅक टू स्कूल सेलमध्ये थोडा उतरतो. २०१५ मध्ये आलेलं मशीन, आतला प्रोसेसर ४८ मेगाहर्ट्झचा, तुमच्या खिशातला फोन त्याच्या हजारो पट ताकदीचा, आणि तरी किंमत हलत नाही कारण गिऱ्हाईक कुठे जाणार. म्हणूनच सेकंडहँड म्हणते. बारावी संपलेली मुलं जूनमध्ये हे मशीन मिळेल त्या भावाला काढतात. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाका, कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेला निघेलच.

सेकंडहँड घेताना दोन-तीन गोष्टी बघा. पिवळाजर्द रंगाचा असेल आणि त्यावर स्कूल प्रॉपर्टी लिहिलेलं असेल तर हात लावू नका, ते शाळांना विकलेले सेट असतात, म्हणजे कोणीतरी परत केलेला नाही. सीईमध्ये चार्जिंगची बॅटरी असते, ती म्हातारी झाली की मशीन दिवसभर टिकत नाही, पण मागचं झाकण उघडून बदलता येते, त्यामुळे त्यासाठी दहा-पंधरा डॉलर भाव पाडा. केबल जुन्या मिनी यूएसबीची लागते, ती सोबत मागून घ्या, घरात सापडणार नाही. स्क्रीनवर आडवी-उभी मेलेली रेघ नाही ना, आणि सगळी बटणं, खासकरून एंटर आणि बाणाची, नीट दबतात ना ते बघा. आणि मधलं एक मॉडेल आहे, २०१३ चं टीआय-८४ प्लस सी सिल्व्हर एडिशन, कलर आहे पण आत जुनाच प्रोसेसर, ग्राफ काढताना झोप येते, ते टाळा. त्यापेक्षा काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा २००४ चा साधा टीआय-८४ प्लस बरा, चार पेन्सिल सेल घातले की महिनोन्‌महिने चालतो, आणि बटणं तीच.

बजेट खरंच कमी असेल आणि मुलगी मेन्यू स्वतः शोधून काढणाऱ्यातली असेल, तर कॅसिओ एफएक्स-९७५०जी-थ्री बघा. साधारण निम्म्या किमतीत नवा मिळतो, एपीला चालतो, चारही कामं करतो. वरचा एफएक्स-सीजी५० कलर आहे आणि मला स्वतःला त्याची स्क्रीन सीईपेक्षा आवडते. फ्रान्सचा न्यूमवर्क्स पण आहे, २०१७ पासून, मेन्यू अगदी फोनसारखे सोपे, वेबवर फुकट चालवून बघता येतो. मशीन म्हणून हे टीआयपेक्षा उणे नाहीत, अधिकच असतील. फक्त मघाशी म्हटलं तसं वर्गात एकटं पडायची तयारी पाहिजे.

एक बारीक फरक मात्र सांगून ठेवते कारण त्याने मार्क जातात. ६÷२(१+२) हे टीआय-८४ वर टाकलं तर ९ येतं, आणि कॅसिओच्या बऱ्याच मशीनवर १ येतं, कारण कॅसिओ चिन्ह न लिहिलेल्या गुणाकाराला भागाकाराच्या आधी धरतो. दोन्ही बरोबरच आहेत आपापल्या नियमाने. घरी बाबांचा कॅसिओचा जुना सायंटिफिक, एफएक्स-९९१, वापरून अभ्यास आणि शाळेत टीआय, असं करणाऱ्या मुलांची ह्यात फसगत होते, तर कंस घालायची सवय लावा, मशीन कुठलंही असो.

हातात आल्यावर काय शिकवायचं? मॅन्युअल वाचायला सांगू नका, कोणी वाचत नाही. मोड आधी बघायला सांगा, रेडियनमध्ये आहे का. मघाचंच उदाहरण, कॉस एक्स आणि एक्सचं इंटरसेक्शन ०.७३९ च्या ऐवजी ०.९९९८ आलं तर समजायचं डिग्रीमध्ये पडलाय. फिजिक्सच्या तासाला डिग्री केलेली असते आणि कॅल्क्युलसला कोणी परत फिरवत नाही, दरवर्षी हेच. मग विंडो. झूम ६ दाबलं की उणे १० ते १० दिसतं, आणि फंक्शन त्याच्या बाहेर असेल तर स्क्रीन कोरी, मुलं हात वर करून सांगतात की बिघडलाय. आणि ऋणाचं चिन्ह आणि वजाबाकीचं बटण वेगळं असतं, सिंटॅक्स एररचं निम्मं कारण तेच.

उत्तर तीन दशांशांपर्यंत द्यायचं असतं एपीमध्ये, पण मधल्या पायरीत तोडायचं नाही, एसटीओ बटणाने अक्षरात साठवायचं आणि तेच पुढे वापरायचं. ०.७३९०८५ ला ए मध्ये ठेवा, इंटिग्रलची वरची मर्यादा ए लिहा, झालं. आणि पेपरवर एफएन-इंट वगैरे मशीनची भाषा लिहायची नाही, इंटिग्रलचं चिन्ह, मर्यादा, डीएक्स, व्यवस्थित मांडायचं आणि समोर उत्तर.

अजून एक, आणि हे मी वर्गात मुद्दाम करून दाखवते: टीआय-८४ ला विचारा की एक्सच्या ॲबसोल्यूट व्हॅल्यूचं शून्याला डेरिव्हेटिव्ह काय. तो शांतपणे ० सांगतो. तिथे तर टोक आहे, डेरिव्हेटिव्ह अस्तित्वातच नाही! कारण मशीन लिमिट काढत नाही, बिंदूच्या ०.००१ डावीकडची आणि ०.००१ उजवीकडची किंमत घेऊन मधला उतार काढतं, आणि इथे दोन्हीकडची उंची सारखीच. म्हणूनच एक्स क्यूबचं २ ला १२ च्या ऐवजी १२.०००००१ दिसतं. हे एकदा कळलं की मुलं मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत. बाबांना पण दाखवा हे, त्यांना फार आवडेल.

स्टॅटिस्टिक्सला टीआय खरा उपयोगी पडतो. स्टॅट मेन्यूत टेस्ट्स उघडलं की सगळ्या टेस्ट तयार आहेत, नॉर्मल सीडीएफ आहे, ते लॉग टेबलसारखे तक्ते उलटत बसावं लागत नाही. तिथे जुन्या आणि नव्या सीईत काही फरक नाही.

कॉलेजचं मात्र दुकानदाराने जे सांगितलं ते विसरा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसला बऱ्याच युनिव्हर्सिट्या परीक्षेत कॅल्क्युलेटरच चालू देत नाहीत, आणि जिथे देतात तिथे बहुतेक वेळा साधा सायंटिफिक. पुढचं खरं काम कॉम्प्युटरवर, मॅटलॅब आणि पायथनमध्ये होतं. आणि इंजिनिअरचं लायसन्स घ्यायचं तर एफई म्हणून जी पहिली परीक्षा असते तिथे ग्राफिंग आणताच येत नाही, कॅसिओचे एफएक्स-११५ आणि ९९१, टीआयचे ३०एक्स आणि ३६एक्स, एचपीचे ३३एस आणि ३५एस, एवढेच चालतात. म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आपण जो ९९१ घासला तोच इथेही कामी येतो, गंमत आहे. टीआय-३६एक्स प्रो पंचवीस डॉलरच्या आसपास मिळतो, कॉलेजला जाताना तो घ्या. अपवाद एकच बघितलाय, इलेक्ट्रिकलची मुलं. सर्किटमध्ये कॉम्प्लेक्स आकड्यांची मॅट्रिक्स सोडवावी लागते, टीआय-८४ च्या मॅट्रिक्समध्ये कॉम्प्लेक्स आकडा बसतच नाही, तिथे एनस्पायर कॅसने वेळ वाचतो. पण प्रोफेसर परवानगी देणार का, हे दुसऱ्या वर्षाला कळेल. तेव्हा घ्यायचा, आत्ता दहावीत नाही. फायनान्सला गेली तर मशीन आणखी वेगळं, बीए टू प्लस.

पुण्या-मुंबईत आयबी डिप्लोमा करणारी भाचरं असतील आणि "येताना टीआय घेऊन ये" असा निरोप आला असेल तर त्यांचंही सांगते. आयबीत दोन्ही मॅथ कोर्सला ग्राफिंग लागतोच, ॲनालिसिस अँड अप्रोचेसच्या पेपर एकला तेवढा चालत नाही, ॲप्लिकेशन्सच्या सगळ्या पेपरना लागतो, आणि परीक्षेत मशीन एक्झाम मोडमध्ये (परीक्षेपुरत्या खास सेटिंगमध्ये) टाकावं लागतं. तिथे पण सीई, बिनकॅसचा एनस्पायर किंवा सीजी५०, शाळा म्हणेल तो. कॅसिओ भारतात सहज मिळतो, शाळेला चालत असेल तर बॅगेतली जागा दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

आणि हो, घेतल्या घेतल्या मागच्या बाजूला नाव कोरून किंवा पर्मनंट मार्करने लिहून ठेवा. वर्गात वीस एकसारखे काळे सीई असतात आणि शुक्रवारी दुपारी एक तरी गायब होतो. हायस्कूल संपलं की जूनमध्ये घाईने विकू नका, भाव पडलेला असतो, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विका.